दोन दाढांमधली फट

आधीच सांगते, माझं लिहिणं अशुद्ध आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे पेन हातात आलं ते वाण्याच्या यादीसाठी, नाहीतर आईला पत्र टाकायला. अक्षर वाकडं येतं, ओळ वर चढत जाते. हे कोणाच्या हाती पडलंच तर त्यानं हसू नये. खरं तर कोणाच्या हाती पडावं म्हणून मी लिहीत नाहीये. समोर माणूस असला की माझे शब्द घशाशी थांबतात. कागदापुढे तसं होत नाही.

लिहायचं आहे ते एका दाढेबद्दल. भोपाळच्या क्वार्टरमधली वर्षं आठवायला बसले की मुलांच्या शाळेच्याही आधी मला ती दाढ आठवते, कारण कितीतरी दिवस मी प्रत्येक जेवणानंतर तिच्याशीच झगडत होते.

हे कारखान्यात मशीनवर होते. पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि घरातल्या सगळ्यांचं उठणं, जेवणं, झोपणं त्या पाळीबरोबर बदलायचं. सकाळच्या पाळीला अंधारात डबा, दुपारच्या पाळीला दोनदा स्वयंपाक, आणि रात्रपाळी असली की दिवसभर मुलांना गप्प करत बसायचं. मधल्या वेळात मी साड्यांना फॉल लावायची. बिट्टन मार्केटातला एक साडीवाला काम द्यायचा. मिनीबसनं गठ्ठा आणायचा, लावून परत पोचवायचा. त्या दिवसांत मी आजारी नव्हते, पण थकवा असा होता की सकाळी उठतानाच रात्र झाल्यासारखं वाटे.

माझ्या डाव्या बाजूच्या खालच्या दोन्ही मोठ्या दाढा धाकटीच्या वेळीच गेल्या होत्या. कंपनीच्या दवाखान्यात काढल्या. तिथे सगळं फुकट असे. कार्ड दाखवायचं, टोकन घ्यायचं आणि बाकावर बसायचं. आमच्या ब्लॉकमधल्या बहुतेक बायकांचे एक-दोन दात तिथेच निघाले होते. दुखतंय म्हटलं की काढायचे, पैसे लागत नाहीत मग कशाला जपायचे, असंच सगळ्या धरून चालत. मीही तसंच धरून चालले. म्हणून चावायला मला उजवी बाजूच उरली होती, आणि आता त्या बाजूची खालची दाढ किडली. तीही गेली तर चौतिसाव्या वर्षी मऊ भात आणि वरण, एवढंच. भाकरी सुटली असती. मला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

दवाखान्यातले डॉक्टर वाईट नव्हते. त्यांच्या दारात पन्नास माणसं असत. "मुंह खोलो," म्हणाले. मी पदर तोंडावरून काढला, डोळे मिटले. परक्या पुरुषासमोर आ करून बसायचं, याचीच मला इतकी लाज वाटत होती की दुखणं बाजूला राहिलं. मशीन फिरली, कडू पाणी आलं, मग काहीतरी दाबून दाबून बसवलं. दाढेची एक बाजू, पुढच्या दाढेला लागून असलेली, किडली होती. तिथे चांदी भरली. चहा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं.

"ठीक?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? पुढचं टोकन पुकारलं होतं.

त्या दिवशी रात्री मेथीची भाजी होती. दुसऱ्याच घासाला मेथीचा देठ दोन दाढांच्या मध्ये जाऊन बसला. पूर्वी तसं कधी होत नसे. जिभेनं ढकलला, निघेना. वर पुढचा घास चावला की तो आणखी खाली दाबला जाई. थोड्या वेळानं ती जागा अशी ठणकायला लागली, जणू कोणी मध्ये पाचर ठोकतंय. शेवटी स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन मी केरसुणीची काडी घेतली. देठ निघाला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण काय बरं वाटलं म्हणून सांगू.

मग ते रोजचंच झालं. तुरीच्या डाळीचं साल, पेरूची बी, आंब्याच्या दिवसांत आंब्याचा धागा, कोथिंबिरीची काडी. जे खाल्लं ते आधी त्या फटीत. काडी, पिन, आगपेटीची काडी, सगळं करून पाहिलं. मग फॉल लावायचा दोरा वापरायला लागले. दोऱ्याचं मला एक कळायचं. बाकीच्या दातांत दोरा अडकायचा, ओढावा लागायचा, कधी तुटायचा. इथे तो मोकळ्या गल्लीतून सायकल जावी तसा जायचा. अडकलेलं निघायचं, हिरडीतून रक्त यायचं, आणि दोऱ्याला असा वास यायचा की मी तो लगेच चुलीत टाकायची.

जेवण झालं की मी भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. मुलांना सवय झाली. धाकटी म्हणायची, "आई, तुझा दोरा झाला का?"

बायकांमध्ये मात्र पंचाईत. ब्लॉकमध्ये मराठी घरं बरीच. हळदीकुंकू, डोहाळजेवण, काही ना काही असायचंच. समोर चिवडा आला, तिळाची वडी आली, की मी ताटली मांडीवर धरून बसायची. चावलं तर अडकणार, अडकलं तर सगळ्यांसमोर काढता येणार नाही आणि ठणकत घरापर्यंत जावं लागणार. एकदा मागच्या खोलीतून मी ऐकलं, एक जण दुसरीला म्हणत होती, "त्या कोपऱ्यातल्या वहिनींना आपल्या हातचं चालत नाही वाटतं. दरवेळी पुडी बांधून घेऊन जातात."

"बोलत नाहीत, खात नाहीत. येतात तरी कशाला?"

मी चपला घालून घरी आले. पुडी मुलांना दिली.

हे ऐकून यांना राग आला नाही, हसू आलं. "अगं, तुझ्या तोंडातून आवाज निघत नाही, तर डॉक्टरला कळणार कसं? दाताला विचारायचं का त्यानं?"

म्हणून परत दवाखान्यात गेले. घरून वाक्य पाठ करून गेले होते. दारात पोचेपर्यंत ते अर्धं विसरलं. "वो जगह... थोड़ा..." एवढंच निघालं. डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "थोड़ा गैप तो रहता है. खाने के बाद कुल्ला करो." गुळण्या करायला औषध दिलं. घरी आले, गुळण्या केल्या. फट होती तशीच राहिली.

पावसाळा संपता संपता हिरडी सुजली. गाल बाहेरूनही दिसायला लागला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा डॉक्टरांनी जास्त पाहिलंही नाही. "निकाल देते हैं. रोज-रोज का झंझट खत्म. पहले सूजन की गोली खाओ, सोमवार को आ जाना." पर्ची लिहून दिली. आणि मी काय केलं? मान हलवली.

घरी यायच्या वाटेवर आमच्या शेजारच्या काकू ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या. नागपूरकडच्या, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, आवाज असा की कोपऱ्यावरच्या वाण्याला घरातूनच साबण सांगायच्या. मी त्यांच्यासमोरून नेहमी हळूच जायची. त्या दिवशी गाल लपवता आला नाही.

"काय वो वहिनी, कोणाशी भांडून आली?"

मी पर्ची दाखवली.

"काढून राहिले? सोमवारी?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "अन् तू हाव म्हणून आली?"

"दुसरं काय म्हणणार?"

"इकडे ये. पाह्य." आणि काकूंनी माझ्यासमोर तोंड उघडलं. मी आधी दुसरीकडे बघायला लागले. त्यांनी माझी हनुवटी धरून वळवली. "पाह्य म्हणते न! लाजतेस काय, माह्यंच तोंड हाय." दोन्ही बाजूंनी मागे नुसत्या हिरड्या होत्या, गुळगुळीत. "पहिले एक भरली, तुह्यासारखीच. मधात फट राह्यली. फटीत अडकून अडकून तिच्या बाजूची किडली. दोन्ही काढल्या. मग दुसऱ्या अंगानं चावत गेली, तर तिकडच्या गेल्या. आता फुटाणे खायचे म्हणशील तर मिक्सरमधून काढते मी. सारं फुकट झालं न, एक पैसा लागला नाही."

स्वतःच हसल्या. मी हसले नाही. त्यांच्या हिरड्या बघून मी जिभेनं माझ्या उरलेल्या दाढा चाचपल्या.

"अवधपुरीत एक बाई बसते, दातांची डॉक्टर," काकू म्हणाल्या. "माह्या भाच्याचं तिनंच केलं. पैसे घेते, पण फट ठेवत नाही."

घरी मी यांना विचारलं. विचारलं म्हणजे भाजी वाढता वाढता म्हटलं. हे दमून आले होते. "कंपनीचा दवाखाना असताना पैसे देऊन दात भरायचा? कारखान्यात कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. आणि या महिन्यात कुठून आणायचे, तूच सांग." ते वाईट बोलले नाहीत. खरंच कुठून आणायचे, हे मलाही माहीत नव्हतं. मोठ्याच्या पुस्तकांचे पैसे नुकतेच गेले होते.

आमच्या ब्लॉकची भिशी होती. बारा बायका, पगारानंतरच्या रविवारी एकीच्या घरी जमायच्या, सगळ्यांनी ठरलेले पैसे द्यायचे, नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात हलवायच्या. जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. वर्षभरात प्रत्येकीचा नंबर एकदा. त्या रविवारी चिठ्ठी निघाली काकूंची. सगळ्यांना माहीत होतं, त्या कूलर घेणार होत्या. दोन उन्हाळे त्या तेच बोलत होत्या. त्यांच्या क्वार्टरवर दुपारचं ऊन थेट यायचं.

काकूंनी पैसे हातात घेतले आणि माझ्या मांडीवर ठेवले.

"हे वहिनीले. तिचा नंबर निघन तवा मी घेईन."

मग एक जण म्हणाली, "अहो काकू, कूलरचं काय?"

"थंडी आली न आता. कूलर काय स्वेटर घालून बसवू?"

"आणि पुढच्या उन्हाळ्यात?"

"पुढच्या उन्हाळ्यात वहिनी पंखा हलवन माह्यावर. चहा ठेव वो, नंबर निघाला तरी चहा नाही का?"

सगळ्या हसल्या. मी जमिनीकडे बघत होते. नको म्हणायला हवं होतं की घेते म्हणायला, कळत नव्हतं. दोन्हीतलं काहीच म्हटलं नाही. पैसे पदरात बांधले. सोमवारी मी दवाखान्यात गेले नाही.

अवधपुरी तेव्हा अर्धी बांधलेली होती. एक घर पूर्ण, शेजारी नुसते खांब, रस्त्यावर वाळूचे ढीग आणि त्यावर कुत्री झोपलेली. डॉक्टरबाईंनी घराच्या पुढच्या खोलीत खुर्ची मांडली होती. मधल्या वयाच्या होत्या, जाड चष्मा. काकू माझ्याबरोबर आत आल्या आणि बोलायलाच लागल्या, त्यांच्या हिंदीत, कधीपासून, काय काय अडकतं, दवाखान्यात काय म्हणाले. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं.

"माताजी, दाँत आपका है या इनका?"

"इनका."

"तो आप ज़रा बाहर बैठिए. ये बताएँगी."

काकू बाहेर गेल्या. दार ओढून घेतलं. मला वाटलं, आता उठून जावं. डॉक्टरबाई हात पुसत थांबल्या होत्या. पंखा फिरत होता. मग मी म्हटलं, "खाना फँसता है." आणि पुढचं आपोआप आलं, मेथी, दोरा, रक्त, हळदीकुंकू, सगळंच. हळदीकुंकू कशाला सांगितलं, घरी आल्यावर माझं मलाच ओशाळं वाटलं.

"कौन सा धागा डालती हैं?"

"फॉल का."

"वो मत डालिए. वही तो मसूड़ा काट रहा है."

त्यांनी पाहिलं. दाढ वाचण्यासारखी होती. पण चांदीची कड शेजारच्या दाढेला टेकतच नव्हती, मध्ये अंतर होतं, आणि त्या अंतरात अन्न राहून राहून शेजारचीही किडायला लागली होती. दोन्ही करावं लागेल म्हणाल्या. काकूंचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं.

त्यांनी मला समजावून सांगितलं. आजवर कोणी मला असं काही समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून लक्षात राहिलं. दोन दाढा एकमेकींना घट्ट टेकलेल्या असायला हव्यात. टेकल्या असल्या की घास वरून घसरून बाजूला जातो. टेकल्या नाहीत की मध्ये शिरतो. दाढेची बाजूच किडून गेलेली असली की भरताना भिंत नसते, म्हणून दाढेभोवती पोलादाची पातळ पट्टी गुंडाळून आवळायची, ती भिंत. त्यात चांदी दाबायची. पण ती पट्टी कितीही पातळ असली तरी तिला जाडी आहेच. काम झाल्यावर ती काढली की तेवढीच फट मागे राहते. म्हणून मध्ये लाकडाची बारीक पाचर दाबायची. तिनं दाढा जराशा लांब सरकतात. पट्टी आणि पाचर काढली की त्या आपल्या जागी परत येतात आणि टेकतात. दवाखान्यात पाचर घातली नसावी, किंवा पट्टीच लावली नसावी. पन्नास टोकनांमध्ये कोण पाचर घालत बसणार, असं मला वाटलं. मी ते बोलले नाही.

सुजेची गोळी संपल्यावर काम सुरू झालं. एका दिवशी शेजारची दाढ भरली, दुसऱ्या खेपेला माझी जुनी चांदी कोरून काढून नवी भरली. चांदी घट्ट व्हायला वेळ लागतो, घासून गुळगुळीत करायला दोन दिवसांनी या, म्हणाल्या.

त्याच रात्री वांग्याच्या भाजीतली बी अडकली.

मी ताटावर बसून राहिले. पूर्वीइतकं नाही, पण अडकलं होतं हे नक्की. यांनी विचारलं, "काय, जमलं का?" मी म्हटलं, "हो." काकूंनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, त्यांनाही हो म्हटलं. दुसऱ्यांच्या पैशांनी केलेलं काम, त्यात पुन्हा काय खोट काढायची? थोडं अडकतं तर अडकू दे. माझ्यात आता परत खुर्चीत बसायची ताकद नव्हती. फॉलचा एक गठ्ठा राहिला होता, यांची रात्रपाळी सुरू होणार होती.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी विचारलं, "कैसा लग रहा है?"

"ठीक है."

त्यांनी मेण लावलेला दोरा काढला. दोन बोटांना गुंडाळून दोन दाढांच्या मध्ये घातला. सर्रकन खाली गेला. त्यांनी परत घातला, परत तसाच. चष्मा कपाळावर सरकवला.

"ठीक कहाँ है?"

"चलेगा, डॉक्टर साब."

"आपको चलेगा. दाढ़ को नहीं चलेगा." त्या माझ्यावर चिडल्या नव्हत्या. स्वतःवरच चिडल्यासारख्या दिसल्या. "पच्चर पतली लगी मेरी. निकालना पड़ेगा. इसका पैसा नहीं लूँगी."

आणि मी रडायला लागले. पैशांमुळे नाही, दुखलं म्हणूनही नाही. घरी जाऊन कणीक भिजवायची होती, आणि इथे परत सगळं पहिल्यापासून. त्यांनी रडू दिलं. बाहेरून काकूंनी दार ठोठावलं, "काय झालं वो? निघाली का दाढ?"

"नाही, काकू."

"मग रडतेस कायले? मले वाटलं गेली!"

तेव्हा डॉक्टरबाईही हसल्या, त्यांना मराठी कळत नसूनही.

नुकतंच भरलेलं कोरून काढलं, तात्पुरतं पांढरं काहीतरी भरलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं. घरी यांना कळल्यावर हे म्हणाले, "पैसे घेऊन परत परत बोलावतात? एवढं तर फुकटातही झालं असतं." मी म्हटलं, "फुकटात परत बोलावलं नव्हतं. काढायला बोलावलं होतं." लग्न झाल्यापासून मी यांना दिलेलं ते पहिलंच उलट उत्तर असेल. यांनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाले, "आमटी वाढ."

पुढच्या खेपेला पाचर जाड होती. बाहेरच्या बाजूनं दाबली तेव्हा हिरडी दुखली, कानापर्यंत कळ गेली. पट्टी आवळली, आतून एका गोल डोक्याच्या हत्यारानं ती शेजारच्या दाढेवर घासून घासून टेकवली, मग चांदी. जरा जरा घालायची आणि दाबायची. घाई नाही. मला जबडा उघडा ठेवून थरथर सुटली. बाहेर काकू कोणाला तरी आपल्या हिरड्यांची गोष्ट सांगत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

दोन दिवसांनी दोरा. वर ठेवला, दाबला. गेला नाही. आणखी दाबला, आणि 'टक' आवाज होऊन खाली गेला. बाहेर काढतानाही तसाच टक.

"सुना?"

मी मान हलवली. या वेळी मान हलवणं खरं होतं.

दोन-तीन दिवस तिथे ताण वाटत होता. मग तोही गेला. घरी मी मुद्दाम मेथी आणि भाकरी केली. एक घास, दुसरा, तिसरा. सगळं ताट संपलं. जीभ सवयीनं त्या जागी गेली, तिथे काही नव्हतं. मला फार आनंद झाला असं लिहायला हवं, पण मला झोप आली. ताट तसंच ठेवून भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या झोपले. यांनीच ताटं उचलून ठेवली, असं मोठ्या मुलानं नंतर सांगितलं.

इथे संपायला हवं होतं, पण भिशी संपली नव्हती. माझी चिठ्ठी निघेना. दर महिन्याला डबा हलायचा, दुसऱ्याच कोणाचं नाव यायचं. थंडी गेली. भोपाळचा उन्हाळा सुरू झाला. काकूंच्या खिडकीला दुपारी ओली चादर लावलेली असायची, ती वाळली की त्या उठून परत भिजवायच्या. मी आमच्या ओट्यावर फॉल लावत बसलेली असायची आणि ती चादर वाळताना बघायची. एकदा मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे येऊन पडा दुपारी. आमच्याकडे ऊन कमी आहे." त्या आल्या, खाली चटईवर पडल्या, घोरल्या. मग रोज यायला लागल्या. मी सुई चालवायची, त्या झोपायच्या. बोलावं लागत नव्हतं, मला ते बरं वाटायचं.

हळदीकुंकवाला आता मी चिवडा तिथेच खायची. एका बाईनं म्हटलंही, "आज वहिनींनी खाल्लं!" त्यावर काकू, "खाईल नाही तं काय, माह्या कूलरची दाढ हाय ती."

माझा नंबर शेवटचा निघाला. निघाला म्हणजे उरला; डब्यात दुसरी चिठ्ठीच नव्हती. पण तोवर भिशीतल्या दोघींच्या घरची बदली झाली होती. आपापले नंबर घेऊन, पुढचे हप्ते न देता गेल्या. शेवटच्या रविवारी जमले ते पैसे दहाच जणींचे. जी बाई भिशी चालवायची ती म्हणाली, "आता त्यांना कुठे शोधू? जेवढे आहेत तेवढे घ्या."

मी तेवढे काकूंना नेऊन दिले आणि म्हटलं, बाकीचे आणते.

"कायचे बाकीचे? त्या दोघींनी बुडवले, तू कुठे बुडवले? राहू दे."

हेही म्हणाले, काकू समजून घेतील, विषय संपला. पण काकूंनी मला दिले होते ते पूर्ण बारा जणींचे होते. दाढ पूर्ण भरून घेतली आणि पैसे अर्धवट द्यायचे, हे मला सहन होईना. यांच्याजवळ मागितले नाहीत. बिट्टन मार्केटातून दोनाऐवजी तीन गठ्ठे आणायला लागले. लग्नाचे दिवस होते, काम होतं. बोटं सुजायची. संध्याकाळी सुईत दोरा ओवायचा तर दिसायचा नाही, तेव्हा धाकटी ओवून द्यायची. थोडे थोडे करून बाजूला ठेवत गेले. एकदा मोठ्याला ताप आला आणि त्यातले काही गेले. परत ठेवले. काकूंनी एकदाही विचारलं नाही. त्यांचे यजमान रिटायर व्हायला आले होते, नागपूरला जायचं बोलणं सुरू झालं होतं. मला तेवढीच घाई.

थंडीतल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. त्या उन्हात बसून जुन्या साड्यांच्या चिंध्या फाडत होत्या. मी रुमाल पुढे केला.

"काय हे?"

"राहिलेले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलतील, परत देतील, असं वाटून मी घाबरले. पण त्यांनी गाठ सोडली, नोटा मांडीवर ठेवल्या आणि मोजायला लागल्या. बोटाला थुंकी लावून, एकेक नोट, पुटपुटत. मध्येच चुकल्या, परत पहिल्यापासून मोजल्या. मी उभीच होते. मोजून झाल्यावर नोटा सरळ करून पोलक्यात ठेवल्या आणि रुमाल झटकून मला परत दिला.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "सारे आले."